पंधरा ऑगस्टची मूठ बंद करू नका

प्रति,
आमच्या मंडळीची (चर्चची) पास्टरेट कमिटी, म्हणजे कारभार बघणारी समिती, पाळक साहेब आणि सर्व सभासद यांना,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

जुलैच्या शेवटच्या रविवारी उपदेश संपला आणि सेक्रेटरींनी सूचना वाचायला घेतल्या. पहिली छताच्या पत्र्यांच्या वर्गणीची, दुसरी संडे स्कूलच्या परीक्षेची. तिसरी अशी : “यंदापासून १५ ऑगस्टची उपकारस्तुतीची भक्ती होणार नाही. ज्यांना झेंडावंदन करायचे आहे त्यांनी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत जावे.” त्यानंतर लगेच एका लग्नाची सूचना झाली. आशीर्वाद झाला, लोक उठले, चपला शोधू लागले. कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. त्याची टोचणी मला त्या दिवसापासून लागून राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी मी कमिटीला हाताने लिहिलेलं पत्र दिलं. “पुढच्या मीटिंगला बघू” असं उत्तर आलं. पुढची मीटिंग सप्टेंबरात आहे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. ही भक्ती काही कमिटीची एकटीची नाही, मंडळीची आहे. आणि खरं सांगायचं तर आमच्या गावाचीही आहे.

मी कोण, हे आपल्याला सांगायला नको, पण बाहेरचे वाचतील त्यांच्यासाठी सांगते. मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. कमिटीतल्या तिघांना मी चौथीत शिकवलं आहे. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या वडिलांना गावच्या चावडीच्या ओट्यावर बसता येत नव्हतं, विहिरीवर बायकांना कोणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत ताटकळावं लागायचं. अशा घरात प्रभूचं वचन आलं आणि पाटी-पेन्सिलही आली. आजोबा सांगायचे, की १९४२ च्या ऑगस्टनंतर नगरच्या किल्ल्यात नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव यांना कोंडून ठेवलं होतं, तेव्हा किल्ल्याच्या बाजूने जाताना माणसं आपोआप हळू बोलायची. आजोबा ज्या मिशनचा पगार खात होते, तिथले साहेब गोरे होते. गावातले काहीजण त्यांना “साहेबाच्या धर्माचे” म्हणायचे. हा शब्द त्यांना फार लागायचा.

म्हणून १५ ऑगस्ट १९४७ ला सकाळी त्यांनी मंडळीची घंटा वाजवली आणि लोकांना जमवलं. कोणी सांगितलं नव्हतं, वरून पत्रक आलं नव्हतं. स्तोत्र १०३ वाचलं : “हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे सर्व उपकार विसरू नको.” आजीने घरातलं सूप आणलं. सूप ओळीने फिरलं. ज्याच्या त्याच्या हातात पदराच्या टोकाला बांधून आणलेली मूठभर ज्वारी, नाहीतर बाजरी. मूठ सुपात सोडायची आणि दोन गोष्टींसाठी प्रभूचे उपकार मानायचे : देश सुटला म्हणून एक, आणि प्रभूने मला कशातून सोडवलं म्हणून दुसरी. जमलेलं धान्य त्याच दिवशी गावात ज्याच्या घरी चूल पेटलेली नसेल त्याच्याकडे जायचं. तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारायचं नाही.

आमच्या मंडळीत त्याला “मूठ” म्हणतात. आपण जी बंद केलीत ती ही.

मला मूठ कळली ती माझ्या वडिलांमुळे. दादा हातभट्टीची प्यायचे. आजोबांसारख्या मास्तरच्या पोटी असा मुलगा, म्हणून गावात बोललं जायचं. मी चौदा वर्षांची असेपर्यंत आमच्या घरात संध्याकाळ झाली की आई भांडी आवरून ठेवायची. फेकली जाऊ नयेत म्हणून. १९७१ च्या गुड फ्रायडेच्या आठवड्यात दादा तीन रात्री मंडळीच्या ओट्यावर झोपले. चौथ्या दिवशी घरी आले, आंघोळ केली, आणि त्यानंतर मरेपर्यंत थेंब घेतला नाही. काय झालं ते त्यांना नीट सांगता यायचं नाही. “धरणाऱ्याने धरलं,” एवढंच म्हणायचे. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सूप त्यांच्यापुढे आलं तेव्हा त्यांचा हात इतका थरथरत होता की अर्धी ज्वारी खाली सांडली. ते म्हणाले, “देश सत्तेचाळीसला सुटला, मी एकाहत्तरला सुटलो. दोन्ही मी कमावलं नाही.” पुढे सत्तावीस वर्षं, १९९७ पर्यंत, दर १५ ऑगस्टला हेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे नाही. लहानपणी आम्ही भावंडं आपसात ते आधीच पुटपुटायचो. आता ते आठवलं की माझा गळा दाटतो.

१९७२ च्या दुष्काळात दादा रोजगाराच्या कामावर खडी फोडत होते. त्या वर्षी सुपात ज्वारी नव्हती. रेशनवर मिळणारा तांबडा मिलो होता. आजीने तोही निवडून आणला होता. भक्ती झाली. १९७५ ला, आणीबाणीत, एका वडीलजनांनी देशाचे उपकार मानता मानता तुरुंगात टाकलेल्यांसाठी मोठ्याने प्रार्थना केली. त्यांना कोणी थांबवलं नाही. २०२० ला करोनामुळे मंडळीला कुलूप होतं, तरी सहाजण फाटकाबाहेर अंतर ठेवून उभे राहिलो आणि सूप मधे जमिनीवर ठेवलं. इतक्या वर्षांत जे दुष्काळाने थांबलं नाही, साथीने थांबलं नाही, ते आता एका सूचनेने थांबावं?

आपण दिलेली कारणं मी ऐकली आहेत. सूचनेत ती नव्हती, पण ओट्यावर, दुकानात, फोनवर कानावर आली. एकेकाला उत्तर देते. राग मनात ठेवून नाही.

लोक येत नाहीत, असं एक कारण. खरं आहे, गेल्या वर्षी पंचवीस-तीसच माणसं होती. पण का येत नाहीत, हे आपण विचारलं का? पाच-सहा वर्षांपासून त्या सकाळी दारात बॅनर लागतो, त्यावर फोटो. मग पाहुणे. मग शाल-श्रीफळ. एकामागून एक भाषणं, प्रत्येकात मागच्याचेच शब्द. गेल्या दोन वर्षांत “वेळेअभावी” मूठ झालीच नाही. सूप वेदीच्या मागे भिंतीला टेकून उभं होतं, मी बघितलं. म्हातारी माणसं पदरात धान्य बांधून आली आणि तसंच घेऊन परत गेली. ज्यासाठी लोक यायचे तेच काढून टाकलं, आणि मग लोक येत नाहीत म्हणून सगळंच बंद केलं. याची जबाबदारी लोकांवर टाकू नका.

दुसरं कारण : देश ही जगिक गोष्ट आहे, ती मंडळीत नको. तरुण संघातल्या एका मुलाने हे मला मनापासून विचारलं, आणि त्याचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. उपासना एका देवाचीच. झेंड्याची नाही, सरकारची नाही, कोणत्याही पुढाऱ्याची तर नाहीच नाही. पण बाबा, बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मया काय लिहितो? ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या कल्याणासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ते तर परक्याचं नगर होतं. हा आपला देश आहे. आपली माणसं याच मातीत पुरली आहेत. मिसर देशातून सुटका झाली ती विसरू नका, मुलांना सांगा, दरवर्षी सण पाळा, हे देवानेच सांगितलं. आणि लूकच्या शुभवर्तमानातले ते दहा कुष्ठरोगी. दहाही बरे झाले. परत येऊन पाया पडला तो एकटा शोमरोनी. प्रभूने विचारलं, नऊ कोठे आहेत? मला त्या नऊ जणांत जायचं नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत देशाचं प्रेम आणि प्रभूचं प्रेम ही दोन वेगळी घरं कधी नव्हती. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या आणि १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला हजर राहिल्या. केडगावला त्यांनी जे उभं केलं त्याचं नावच मुक्ती. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये शिकत असताना त्यांनी आपल्या गुरूच्या जागी असलेल्या सिस्टरला स्पष्ट कळवलं होतं, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान देणार नाही. विश्वास प्रभूवर, पण बुद्धी आणि सदसद्विवेक कोणाकडे गहाण नाही. माझ्या मते आत्मिक स्वातंत्र्याचा इतका स्वच्छ अर्थ आपल्या भाषेच्या दुसऱ्या कोणत्या माणसाने जगून दाखवला नसेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गाणी तर आपण दर रविवारी म्हणतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं मानणारा तो माणूस. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही.

आणि काका बॅप्टिस्टा. माझगावचे, ईस्ट इंडियन समाजातले. १९१६ मध्ये लोकमान्यांची होमरूल लीग स्थापन झाली तिचे पहिले अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा होते. मी चौथीच्या मुलांना हे सांगायची तेव्हा वर्गातली दोन-तीन ख्रिस्ती पोरं ताठ बसायची. ते बसणं मी विसरलेले नाही. “साहेबाच्या धर्माचे” या शब्दाला माझ्या आजोबांकडे उत्तर नव्हतं. त्या पोरांकडे होतं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या मंडळीत कोणी सांगत नाही. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते. आपल्या समाजासाठी कायदेमंडळात राखीव जागा असाव्यात हा आग्रह तिथल्या ख्रिस्ती प्रतिनिधींनी सोडला, शेजाऱ्यांवर भरवसा ठेवून. आणि ६ डिसेंबर १९४८ ला धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर, म्हणजे आजच्या कलम २५ वर, चर्चा झाली तेव्हा धर्माचा “प्रसार” हा शब्द काढून टाकावा अशी मागणी झाली होती. तो शब्द राहावा म्हणून बोलले त्यांत पंडित लक्ष्मीकांत मैत्र होते, कन्हैयालाल मुन्शी होते, टी. टी. कृष्णम्माचारी होते. तिघेही हिंदू. आज आपले पाळक साहेब निर्धास्तपणे उपदेश करतात त्यात या तिघांचा वाटा आहे. त्यांच्यासाठी आपण कधी प्रार्थना केली का? मी केली नव्हती. हे वाचल्यापासून करते.

तिसरं कारण कोणी मोठ्याने बोलत नाही, पण तेच खरं आहे असं मला वाटतं. वातावरण बरं नाही. लोक जमले की कोणीतरी मोबाइल काढतो, धान्य वाटलं की “आमिष” म्हणतात, तक्रार होते, पोलीस येतात. कशाला विषाची परीक्षा?

ही भीती खोटी नाही. मी पण त्याच गावात राहते. माझ्या भाच्याच्या घरातली प्रार्थना सभा थांबवली गेली तेव्हा मी तिथे होते, चहाचे कप तसेच राहिले होते. आणि स्वातंत्र्य आपल्याला पुरतं मिळालेलं नाही, हेही मला कळतं. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती एका धर्मापुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख बांधवांना, १९९० मध्ये बौद्ध बांधवांना त्यात घेतलं. आपण अजून बाहेर. माझ्या पणजोबांना ज्या ओट्यावर बसू दिलं नाही तो ओटा त्यांचा बाप्तिस्मा झाल्यावर काही उंचीने कमी झाला नव्हता. म्हणून आपली मंडळी १० ऑगस्टला निषेधाची प्रार्थना करते आणि पाच दिवसांनी उपकारस्तुती करत आली. दोन्ही त्याच ओठांनी. दादा म्हणायचे, ज्याला आपण आपलं मानतो त्याच्याशीच भांडतो.

पण भीती वाटते म्हणून उपकारस्तुती बंद करायची? संविधानाच्या उद्देशिकेत “विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य” हे शब्द आहेत. मी ते शब्द छत्तीस वर्षं शाळेच्या परिपाठात मुलांकडून म्हणवून घेतले. मग स्वतःच्या मंडळीच्या दाराला कुलूप बघून मी त्या मुलांना काय सांगू? बरं, मूठ ही काही चोरून करायची गोष्ट नव्हतीच. दार सताड उघडं असायचं. आमच्या शेजारचे माळकरी आजोबा, दरवर्षी वारीहून परतले की १५ ऑगस्टला बुक्का लावून यायचे, मागच्या बाकावर बसायचे, आणि सूप आलं की मूठ सोडून म्हणायचे, “माउलीनं पायी चालवलं.” कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. त्यांचा नातू आज ग्रामपंचायतीत सदस्य आहे. त्याला बोलावलं तर तो येईल. मी विचारलं आहे, तो हो म्हणाला. आपण दार लावून घेतलं तर आत काय चाललं होतं हे गावाला सांगणारं उद्या कोणी उरणार नाही.

आता त्या मुठीत लोक काय काय बोलायचे तेही सांगते, कारण कमिटीतल्या तरुण सभासदांनी ते ऐकलेलंच नाही. “तंबाखू सुटली.” “सावकाराचा कागद फाडला.” “सासूला माफ केलं, ती गेल्यावर का होईना.” एक बाई नुसती रडली आणि मूठ सोडून खाली बसली. तिला कोणी विचारलं नाही. एका पोराने सांगितलं, “मी बारावीत नापास झालो, आणि दादांनी मला मारलं नाही.” सगळे हसले, तोही हसला, त्याचे वडीलही. मी स्वतः २००९ मध्ये म्हटलं, “सतरा वर्षांचा अबोला सुटला.” भावाशी बांधावरून अबोला होता. तो समोरच्या बाकावर बसला होता. हे बोलण्याआधी आम्ही एकमेकांशी बोललोच नव्हतो. भक्ती संपल्यावर त्याने माझ्या हातातलं सूप घेतलं आणि वाटपाला निघाला. मी मागोमाग.

पौलाने गलतीकरांस लिहिलं, की ख्रिस्ताने तुम्हाला मोकळं केलं आहे, तर त्यात टिकून राहा, पुन्हा जुवाखाली सापडू नका. त्याच अध्यायात पुढे आहे, की हे स्वातंत्र्य देहाला मोकळीक म्हणून वापरू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. मूठ म्हणजे ती सेवाच होती, फिरत्या सुपात.

कमिटीने हा ठराव कोणाला विचारून केला, याचंही मला दुःख आहे. वार्षिक सभेत हा विषय नव्हता. महिला मंडळाला विचारलं नाही, आणि सूप तर पहिल्यापासून बायकांच्याच हातात. सत्तेचाळीसला ही भक्ती सुरू करणाऱ्यांनी गोऱ्या साहेबाला विचारलं नव्हतं, हे खरं. पण बंद करताना आपल्याच माणसांना विचारायला हवं होतं.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. यंदाची भक्ती रद्द करण्याचा निर्णय येत्या रविवारच्या आत मागे घ्यावा, आणि तसं वेदीवरून सांगावं. १५ ऑगस्टला सकाळी सात वाजता घंटा व्हावी, तासाभरात भक्ती आटोपावी, म्हणजे मुलांना शाळेच्या झेंडावंदनाला जाता येईल. बॅनर, सत्कार, पाहुण्यांची भाषणं नकोत. कोणी पुढारी आलाच तर इतरांसारखी मूठ घेऊन बाकावर बसेल. मूठ पहिल्यासारखी, दोन्ही गोष्टींसाठी. गावाला उघड निमंत्रण द्यावं, आणि पोलीस पाटलांना आधीच लेखी कळवावं, की आम्ही काय करतो, कधी करतो, धान्य कोणाला देतो. ते पत्र लिहायला मी तयार आहे. १० ऑगस्टची प्रार्थनाही ठेवावी. आणि पुढे कधी ही भक्ती बदलायची किंवा थांबवायची असेल तर वार्षिक सभेत, स्त्रिया आणि तरुणांच्या मतांसह, कारणं लिहून.

पत्र्यांच्या वर्गणीला माझे पैसे मी भरले आहेत, ते याच्याशी जोडू नका.

आजीचं सूप माझ्याकडे आहे. एका कडेला बांबूची कामटी सुटली होती, गेल्या आठवड्यात बुरडाकडून बांधून आणली. ज्वारी निवडून ठेवली आहे. १५ ऑगस्टला पावणेसातला मी मंडळीच्या फाटकाशी येईन. किल्ली कमिटीकडे आहे.

आपली,
मंडळीची एक सभासद, निवृत्त शिक्षिका